छत्तिसावे जग

पडद्यावर दिसणारा खेळ खोटा आणि त्याच्या पाठीमागे संगणकाच्या स्मृतीत चाललेली आकड्यांची उलाढाल तेवढी खरी, असा दाखला मायावाद समजावून सांगताना अलीकडे वारंवार दिला जातो. दोरी आणि साप यांच्या जुन्या दृष्टांतापेक्षा तो नव्या पिढीला जवळचा वाटावा यात नवल नाही. आणि ज्याने तासन्‌तास व्हिडिओ गेम खेळला आहे त्याला, ज्या नायकासाठी एवढा जीव टाकला तो म्हणजे काही संख्यांची बेरीज-वजाबाकी होती हे कळल्यावर, क्षणभर का होईना वैराग्य येण्याचा संभव असतो. परंतु दृष्टांत जेवढा सोपा, तेवढी त्याची छाननी काटेकोर व्हायला हवी. या दाखल्यात खरे तर दोन स्वतंत्र विधाने एकत्र बांधलेली आहेत: पाठीमागचे आकडे हेच अंतिम सत्य आहे हे एक, आणि पडद्यावरचे दृश्य हा भ्रम आहे हे दुसरे. या दोन्ही विधानांच्या मुळाशी असलेल्या प्रश्नांचा भारतीय दर्शनांनी शतकानुशतके खल केलेला असल्यामुळे, एखाद्या प्रत्यक्ष खेळाची अंतर्रचना त्यांच्या युक्तिवादांसमोर ठेवून पाहिली असता हा दाखला कुठे टिकतो आणि कुठे ढासळतो हे बऱ्यापैकी स्पष्ट होते.

या कामासाठी निन्टेन्डो या जपानी कंपनीचा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा खेळ विशेष सोयीचा आहे. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी रचलेला हा खेळ सप्टेंबर १९८५ मध्ये जपानमध्ये विक्रीस आला, आणि त्याच्या प्रोग्रॅममधली जवळजवळ प्रत्येक सूचना पुढच्या काळात हौशी अभ्यासकांनी उलगडून ठेवली आहे. मूळ यंत्राची नक्कल करणाऱ्या स्वस्त उपकरणांच्या रूपाने नव्वदच्या दशकात तो महाराष्ट्रातल्याही अनेक घरांत शिरला, आणि ज्या प्लास्टिकच्या डबीत तो साठवलेला असे तिला इथे ‘कॅसेट’ म्हणत. त्या मूळ कॅसेटमध्ये कायमची कोरलेली माहिती अवघी ४० किलोबाइट आहे. त्यांपैकी ३२ किलोबाइटमध्ये खेळाचे नियम आणि टप्प्यांचे आराखडे, तर उरलेल्या ८ किलोबाइटमध्ये चित्रांचे तुकडे आहेत. खेळ चालू असताना जे जे बदलते, म्हणजे मारिओ कुठे आहे, नाणी किती जमली, समोरचा शत्रू जिवंत आहे की मेला, ते सारे यंत्राच्या २०४८ बाइटांच्या कार्यस्मृतीत मावते. बाइट म्हणजे ० ते २५५ यांपैकी कोणतीही एक संख्या राहू शकेल एवढी जागा. चित्रे आठ ठिपके रुंद आणि आठ ठिपके उंच अशा चौकोनी तुकड्यांनी बनतात, आणि जागेची एवढी चणचण असल्यामुळे एकच आकृती पांढऱ्या रंगात ढग म्हणून आकाशात आणि हिरव्या रंगात झुडूप म्हणून जमिनीवर वापरलेली आहे. (हे एकदा लक्षात आल्यावर त्या झुडपाकडे पूर्वीच्या डोळ्यांनी पाहता येत नाही.) छोटा मारिओ स्वतः अशा चार तुकड्यांचा असतो, आणि प्रत्येक तुकड्यासाठी चित्रयंत्राला चार संख्या पुरवाव्या लागतात: उभे स्थान, कोणते चित्र त्याचा क्रमांक, रंग व दिशा यांसारखे गुण, आणि आडवे स्थान.

आता ‘मारिओ’ या नावाची वस्तू नेमकी कोणती, हा प्रश्न उभा राहतो, आणि तो नवा नाही. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात यवन राजा मिलिंद, म्हणजे इतिहासातला मिनँडर, आणि भिक्षू नागसेन यांचा जो संवाद आहे त्यात चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे, जू म्हणजेही रथ नव्हे असे दाखवून, ‘रथ’ ही अवयवांच्या जुळणीला व्यवहारासाठी दिलेली केवळ संज्ञा आहे, असे प्रतिपादन येते. बौद्ध परिभाषेत अशा सत्तेला प्रज्ञप्तिसत् म्हणतात. नैयायिकांना हे मान्य नव्हते. अवयवांहून वेगळा ‘अवयवी’, म्हणजे तुकड्यांतून निर्माण झालेला पण तुकड्यांची बेरीज नसलेला एक अखंड पदार्थ, खरोखर असतो, असे त्यांचे म्हणणे होते, आणि त्यासाठी न्यायसूत्रांनी दिलेल्या कारणांपैकी एक मोठे व्यावहारिक आहे: वस्तूचा एक भाग धरला की सगळी वस्तू धरली जाते आणि एक भाग ओढला की सगळी ओढली जाते. अवयवी नसता तर घागरीचा काठ धरून उचलल्यावर बूड जमिनीवरच राहायला हवे होते. ही कसोटी मारिओला लावली तर तो साफ नापास होतो. त्याच्या चार तुकड्यांपैकी एकाचे स्थान बदलले तर बाकीचे तीन जागचे हलत नाहीत; प्रोग्रॅम सेकंदाला सुमारे साठ वेळा एका ठिकाणी नोंदलेल्या आडव्या-उभ्या स्थानावरून चारही तुकड्यांच्या जागा स्वतंत्रपणे मोजतो आणि मांडतो, म्हणून ते एकमेकांना धरून चालल्यासारखे भासतात. पडद्यावरच्या या जगापुरता निकाल नागसेनाच्या बाजूने लागतो, असे म्हणायला हरकत नाही.

हा निकाल दिसतो त्याहून खोल जातो, कारण तुकड्यांना एकत्र ठेवणारी ‘व्यक्ती’ कार्यस्मृतीतही एके ठिकाणी सापडत नाही. मारिओ आकाराने लहान आहे की मोठा, ही नोंद एका बाइटमध्ये असते आणि त्याची शक्ती कोणत्या पायरीची आहे, म्हणजे साधी, वाढलेली की अग्निगोळे फेकण्याची, ही नोंद दुसऱ्या बाइटमध्ये. खेळाडूच्या दृष्टीने ही एकाच देहाची एकच अवस्था. प्रोग्रॅमच्या दृष्टीने मात्र या दोन अलग गोष्टी असून त्या नेहमी बरोबरीने बदलल्या जातात एवढेच. किल्ल्याच्या शेवटी बाउझर या राक्षसाला आणि त्याच्यामागच्या कुऱ्हाडीला मारिओचा स्पर्श अगदी एकाच वेळी झाला तर ही बरोबरी सुटते. मग पुढच्या टप्प्यांत शक्तीच्या वस्तू मिळत गेल्यावर कधी लहान देहाचा पण अग्निगोळे फेकणारा, खेळाच्या कर्त्यांनी कधी योजलेला नसलेला असा मारिओ वावरू लागतो. ज्याला एक व्यक्ती समजले गेले तो दोन नोंदींचा शिरस्ता होता, हे या चुकीमुळे उघडे पडते. पुद्गल, म्हणजे स्कंधांपलीकडची (देह-मनाच्या घटकांपलीकडची) स्थिर व्यक्ती, नाकारणाऱ्या बौद्ध आचार्यांना याहून नेमके उदाहरण मिळाले नसते.

इथपर्यंतचा युक्तिवाद प्रारंभीच्या दाखल्याला अनुकूलच वाटतो: मारिओ नाही, संख्या आहेत. पण संख्या तरी ‘आहेत’ म्हणजे काय? या खेळातली सर्वांत प्रसिद्ध चूक, जिला खेळाडू ‘मायनस वर्ल्ड’ म्हणतात, ती या प्रश्नावर अनपेक्षित प्रकाश टाकते. पहिल्या जगाच्या दुसऱ्या टप्प्याच्या टोकाला तीन नळांची एक गुप्त खोली आहे. नळांवर ४, ३, २ असे आकडे दिसतात आणि जो नळ निवडावा त्या क्रमांकाच्या जगात मारिओ थेट पोहोचतो. अशीच दुसरी खोली चौथ्या जगात आहे, पण तिथे मधोमध एकच नळ असून तो पाचव्या जगात नेतो. तिन्ही नळांचे आकडे ज्या तक्त्यात ठेवायचे त्यात या दुसऱ्या खोलीच्या डाव्या-उजव्या जागा मोकळ्या सोडता येत नव्हत्या, म्हणून तिथे ३६ ही संख्या लिहिली गेली, कारण चित्रांच्या यादीत ३६ व्या क्रमांकाचा तुकडा कोरा आहे आणि तो काढला की पडद्यावर काहीच दिसत नाही. पहिली खोली पडद्यावर पुरेशी सरकून येईपर्यंत यंत्राने तिचे आकडे निवडलेले नसतात. या अवधीत मारिओला भिंतीतून विशिष्ट रीतीने आत घुसवून डावीकडच्या नळात उतरवले, तर यंत्र दुसऱ्या खोलीच्या ओळीतली ३६ ही संख्या उचलते आणि त्याला ‘छत्तिसाव्या जगात’ पाठवते. खेळात जगे आठच आहेत. यंत्र तरीही आठांच्या यादीपलीकडे मोजत जाते, तिथे भलत्याच कामासाठी ठेवलेला जो बाइट हाती लागतो त्यालाच टप्प्याचा पत्ता मानते, आणि परिणामी पाण्याखालचा एक टप्पा उघडतो ज्याच्या शेवटचा नळ पुन्हा सुरुवातीला आणून सोडतो, त्यामुळे वेळ संपेपर्यंत पोहत राहण्यावाचून गत्यंतर नसते. या जगाचे नाव पडद्यावर लिहिताना यंत्र ३६ व्या क्रमांकाचा तुकडा काढते, तो अर्थातच कोरा असतो, आणि ‘३६-१’ ऐवजी नुसते ‘-१’ दिसते.

एकाच संख्येची ही तीन वाचने आहेत. तक्ता लिहिणाऱ्याच्या लेखी ३६ म्हणजे ‘इथे काही काढू नये’. नळाच्या नियमाच्या लेखी ३६ म्हणजे एक अख्खे जग. आणि नाव लिहिणाऱ्या सूचनांच्या लेखी पुन्हा कोरी जागा. स्मृतीत असताना ती यांपैकी काहीच नव्हती. तिला चित्र म्हणावे, जग म्हणावे की पोकळी म्हणावी हे तिच्या अंगात कुठेही लिहिलेले नसून ती वाचणाऱ्या सूचनेवर अवलंबून होते. आणि सूचना हीदेखील त्याच प्रकारच्या संख्यांत साठवलेली असल्यामुळे तिलाही सूचनापण दुसऱ्याकडूनच, म्हणजे प्रक्रियकाने ती ‘पुढची आज्ञा’ म्हणून उचलण्यातून, मिळते. मारिओच्याच १९९० मधल्या ‘सुपर मारिओ वर्ल्ड’ या पुढच्या खेळात तर खेळातल्या कृतींनी स्मृतीत उमटलेल्या संख्याच यंत्राकडून आज्ञा म्हणून वाचवून घेता येतात, आणि जानेवारी २०१४ मध्ये एका जाहीर कार्यक्रमात याच मार्गाने त्या खेळाच्या पोटात पाँग आणि स्नेक हे दोन निराळे खेळ चालवून दाखवण्यात आले. जगातल्या वस्तू आणि जगाचे नियम यांच्यात जी पक्की भिंत गृहीत धरली जाते ती तिथे नाही.

अभिधर्माचे आचार्य रथासारख्या संज्ञा नाकारून जिथे थांबले ते ‘धर्म’, म्हणजे आणखी विघटन न होणारे आणि स्वतःचा ठरलेला स्वभाव असलेले मूळ घटक, नागार्जुनाने ‘मूलमध्यमककारिके’त नेमके तिथेच बोट ठेवले. त्याच्या मते जे परस्परांवर अवलंबून उत्पन्न होते त्याला स्वभाव असू शकत नाही, आणि मुख्य म्हणजे ही निःस्वभावता व्यवहाराच्या आड येत नाही, उलट व्यवहार तिच्यामुळेच शक्य होतो. छत्तीस या संख्येला स्वतःचा असा अर्थ असता तर ती एकाच वेळी चित्राच्याही कामी आणि जगाच्याही कामी आली नसती, आणि ४० किलोबाइटमध्ये आठ जगे मावली नसती. तेव्हा ‘पडदा खोटा, आकडे खरे’ या विधानाचा उत्तरार्ध निदान या स्वरूपात टिकत नाही. आकडे हेही एका वाचनाचे नाव आहे. स्मृतीत प्रत्यक्षात असतो तो विजेचा दाब, आणि तो अमुक मर्यादेच्या खाली असला तर शून्य व वर असला तर एक, हा अभियंत्यांचा संकेत आहे. इथे एक मर्यादाही मान्य करायला हवी. नागार्जुन विजेच्या दाबापाशीही थांबला नसता, परंतु कॅसेटचा पुरावा त्याच्याबरोबर तिथपर्यंत जात नाही. वीज कोणी वाचली नाही म्हणून वाहायची राहत नाही.

दाखल्यातले दुसरे विधान, म्हणजे पडद्यावरचे दृश्य हा भ्रम, हे शांकर वेदान्ताच्या स्वतःच्या मापानेच मोजलेले बरे. दोरीवर भासणारा साप प्रातिभासिक सत्तेचा असतो, म्हणजे त्याचे अस्तित्व भासण्यापुरते असते आणि दोरीचे ज्ञान होताच तो निवर्ततो. मारिओ असा निवर्तत नाही. खेळाची प्रत्येक सूचना तोंडपाठ असलेल्या माणसालाही खड्ड्यात पडणारा मारिओच दिसतो, आणि त्याचाही एक जीव जातो. वेदान्त्यांना अशा भ्रमाची जाण होतीच: स्फटिकाशेजारी जास्वंदीचे फूल ठेवले असता तो तांबडा दिसतो आणि तो वस्तुतः पांढरा आहे हे पक्के ठाऊक झाल्यावरही, फूल दूर केले जाईपर्यंत, तांबडाच दिसत राहतो, याला सोपाधिक भ्रम म्हणतात, कारण जवळच्या उपाधीवर तो अवलंबून असतो. व्हिडिओ गेमला अद्वैताच्या चौकटीत बसवायचेच असेल तर त्याला सापाच्या रकान्यात बसवता येत नाही, स्फटिकाच्या रकान्यात कदाचित बसवता येईल. पण तिथेही अडचण उरते, कारण स्फटिकाचा तांबडेपणा त्याच्या खऱ्या रंगाशी विसंगत असतो, तर मारिओचे चित्र कार्यस्मृतीतल्या नोंदींशी, वर सांगितलेल्या चुका सोडल्यास, तंतोतंत जुळते. त्यात दडवलेले असे काही नसते. ‘पाठीमागे’ हा शब्द इथे दिशाभूल करतो. संख्यांचे काम शेवटपर्यंत गेले की जे होते तेच चित्र, आणि त्याला झाकणारा पडदा मध्ये कुठेही लागत नाही.

या ठिकाणी ज्ञानेश्वरांच्या विचाराची आठवण होणे अपरिहार्य आहे. ‘अमृतानुभवा’तले सर्वांत विस्तृत प्रकरण त्यांनी अज्ञानाच्या खंडनाला दिले आहे, आणि वस्तूवर आवरण घालणारे अज्ञान नावाचे काही मानण्याची गरजच काय, असा त्या प्रकरणाचा रोख आहे; ‘चांगदेव पासष्टी’त दागिना झाल्याने सोन्याचे सोनेपण कमी होत नाही, या अंगाने तोच विचार येतो. दृश्य हा चैतन्याचा विलास आहे, त्याचे झाकण नव्हे, ही भूमिका शांकर मताशी कितपत जुळते याविषयी मराठी अभ्यासकांत जुना वाद आहे आणि तो इथे सोडवण्याचे कारण नाही. मात्र खेळाच्या दाखल्याचा उपयोग करायचाच असेल तर तो मायावादापेक्षा चिद्विलासाच्या जवळ बसतो, एवढे म्हणता येते. तेही एका मोठ्या फरकासह, कारण ज्ञानेश्वरांच्या लेखी जे विलसते ते चैतन्य आहे, आणि कॅसेटमधल्या संख्या निखालस जड आहेत.

हाच फरक दुर्लक्षिल्यामुळे आणखी एक गोंधळ होतो. निक बॉस्ट्रम या तत्त्वज्ञाने २००३ मध्ये मांडलेल्या युक्तिवादाच्या आधारे, हे सारे विश्वच कोणा प्रगत संस्कृतीच्या संगणकावर चाललेला खेळ असू शकेल, असे सांगितले जाते आणि हा मायावादाचा आधुनिक अवतार समजला जातो. त्यापुढे जाऊन, खेळ जसा पाहणाऱ्यासमोर असेल तेवढाच भाग उभा करतो तसेच विश्वाचेही असेल, असे म्हणत दृष्टिसृष्टिवादाचा हवाला देण्यात येतो. मारिओच्या खेळात एका वेळी पाचच शत्रूंसाठी जागा राखलेली असते, आणि पडद्यापासून दूरचा शत्रू त्या जागेत नसतो हे खरे. पण तो नाहीसाही झालेला नसतो, कारण टप्प्याच्या आराखड्यात त्याची नोंद असते आणि वेळ आली की तिच्यातूनच तो प्रकट होतो, त्यामुळे कार्य कारणात आधीच असते म्हणणाऱ्या सांख्यांना तो अधिक मानवला असता. मुख्य मुद्दा असा, की संगणक चालवणारी संस्कृती हे या विश्वाचे निमित्तकारण ठरेल, म्हणजे घागरीला कुंभार जसा. उपादान, म्हणजे मातीच्या जागी असलेले द्रव्य, तिच्याहून वेगळेच राहील. असा कर्ता नैयायिकांच्या ईश्वराशी जुळतो, जो आधीपासून असलेल्या परमाणूंतून सृष्टी रचतो आणि ज्याच्या सिद्धीसाठी उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’ लिहिली. ब्रह्म एकाच वेळी निमित्तही आणि उपादानही आहे, हा वेदान्ताचा कणा अशा कल्पनेत येतच नाही. त्या संस्कृतीचे स्वतःचे विश्व कशावर चालते हा प्रश्न तर तसाच शिल्लक राहतो, आणि त्याचे उत्तर आणखी एक संगणक असे देत गेले तर अनवस्था, म्हणजे कुठेच न थांबणारी साखळी, ओढवते.

या सगळ्या हिशेबात एका पक्षाचा उल्लेख अजून झालेला नाही, तो म्हणजे खेळणारा. २०४८ बाइटांत त्याच्यासाठी किती जागा आहे, हे पाहण्यासारखे आहे. हातातल्या नियंत्रकावर चार दिशांची आणि चार इतर अशी आठ बटणे असतात; प्रत्येक बटण दाबलेले आहे की नाही हे एक किंवा शून्य असे नोंदले की आठ नोंदींचा एक बाइट होतो. खेळणाऱ्याचे भय, ईर्ष्या, शाळा बुडवून खेळत असल्याची टोचणी, यांतले काहीही त्या जगात पोहोचत नाही. पोहोचतो तो एवढा एक बाइट. बाकीच्या साऱ्या नोंदी कशावरून कशा बदलतील हे नियमांनी ठरलेले असते, फक्त हाच बाइट त्या जगाच्या आतून पाहता अकारण बदलतो. खेळ पाहणारा साक्षी तर कोणत्याच बाइटमध्ये नाही, कारण चित्रयंत्र ठिपके पाठवते, पाहत नाही.

दुसऱ्याच्या ठिकाणी मन आहे हे कशावरून मानावे, या प्रश्नावर सातव्या शतकात धर्मकीर्तीने ‘सन्तानान्तरसिद्धी’ लिहिली. केवळ विज्ञान, म्हणजे जाणीव, मानणाऱ्याला आपल्या विज्ञानाबाहेर काही गृहीत धरता येत नाही, तरीही स्वतःच्या इच्छेवाचून घडताना दिसणाऱ्या हालचाली आणि बोलणे यांवरून दुसऱ्या चित्तप्रवाहाचे अनुमान करता येते, असा त्याचा मार्ग होता. अकराव्या शतकात रत्नकीर्तीने ‘सन्तानान्तरदूषण’ लिहून तो मार्ग बंद आहे असे दाखवण्याचा प्रयत्न केला. मारिओच्या जगात राहून हा वाद घालणाऱ्याला फार तर त्या एका बाइटकडे बोट दाखवता येईल, कारण इच्छेचा माग लागण्याजोगी दुसरी जागा तिथे नाही. मात्र खेळ सुरू न करता कॅसेट तशीच चालू ठेवली तर काही वेळाने मारिओ आपण होऊन धावू लागतो. पाहणाऱ्याला खेळाचा नमुना दाखवण्यासाठी कोणते बटण केव्हा दाबायचे आणि किती वेळ धरून ठेवायचे याची एक छोटी यादी कॅसेटमध्ये लिहून ठेवलेली आहे, आणि प्रोग्रॅम ती यादी वाचून तिच्यातल्या संख्या खेळणाऱ्याच्या बोटांसाठी राखलेल्या त्याच बाइटमध्ये घालत जातो. मारिओला चालवणाऱ्या सूचना त्या दोन्ही वेळी एकाच तऱ्हेने वाचतात.